मोर्णा गिटार पार्टीची पहिली तबकडी

कोणतीही कला समितीशिवाय जगू शकत नाही. कलावंताशिवाय मात्र ती बरेच दिवस तग धरते, याचे दाखले जागोजाग सापडतात. अकोल्यात हा सिद्धांत १९६५ साली पुरता सिद्ध झाला आणि त्यासाठी अवघे तीन कलावंत खर्ची पडले. इतक्या स्वस्तात इतका मोठा सिद्धांत पुण्यालाही सिद्ध करता आलेला नाही.

या तिघांचं नाव मोर्णा गिटार पार्टी. (मोर्णा ही अकोल्यातून वाहणारी नदी. उन्हाळ्यात ती वाहत नाही, पण त्यानं नावाला काही अडत नाही.) पार्टीत गाणारा आणि गाणी रचणारा देवमन. हा पाटबंधारे खात्यात आवक-जावक कारकून होता. आलेला कागद नोंदवायचा आणि पुढं पाठवायचा, एवढंच त्याचं काम, आणि चार वर्षांत एकही कागद त्याच्या हातून अडला नव्हता. गिटार वाजवणारा वली. त्याच्या वडिलांचं, अब्दुल गफ्फार यांचं, पेटी दुरुस्तीचं दुकान होतं. गिटार त्यानं भुसावळच्या एका गोवेकर गार्डाकडून घेतली होती, आणि तिला सहा तारा असतात हे पाच तारांवर वर्षभर वाजवल्यावर त्याला कळलं. तिसरा मोतीराम. लग्नसराईत तो बँडमध्ये ताशा बडवायचा, एरवी वनस्पती तुपाचा रिकामा डबा. जाणकारांच्या मते डबा जास्त सुरेल होता.

गाणी चार होती. त्यातलं चौथं देवमनच्या जिवाचं. त्याची आई सुंदराबाई हिवरखेडला दुसऱ्याच्या शेतात कपाशी वेचताना एक चाल गुणगुणायची. तिला शब्द नव्हते, सुरुवात-शेवटही नव्हता. ओळ संपली की ती दुसऱ्या ओळीला लागायची, कपाशीच्या आणि चालीच्याही. देवमननं त्या चालीवर गाणं बांधलं होतं. तो मॅट्रिक झाला तेव्हा सुंदराबाई म्हणाली होती, "बरं झालं." नोकरी लागली तेव्हा म्हणाली होती, "बरं झालं, डबा घेऊन जात जाय." या गाण्याची तबकडी काढणार हे ऐकून मात्र ती कापूस भरायचा कमरेचा ओटा सोडून खाली बसली होती.

"माहं गुणगुणनं मशिनीत जाते? खोटं नोको बोलू."

"जाते माय. आयकवतोच तुले."

"मले आयकू आलं तं खरं," ती म्हणाली होती, आणि संध्याकाळपर्यंत ही बातमी साऱ्या वस्तीत तिनंच पोचवली होती. देवमनला गाजायचं होतं असं नाही. आईनं एकदा "बरं झालं"च्या पलीकडे काहीतरी म्हणावं, एवढीच त्याची हाव होती, आणि ती फार मोठी हाव होती.

तबकडी काढाल का, असं मुंबईच्या एका कंपनीला त्यांनी विचारून पाहिलं. कंपनीनं दोन ओळींत नकार कळवला. मोठ्या कंपनीनं नकार दिला की कलावंत आपोआप स्वतंत्र होतो. मोर्णा गिटार पार्टी अशा रीतीनं पत्र आलं त्या महिन्याच्या नऊ तारखेला स्वतंत्र झाली. ध्वनिमुद्रण आपण करून पाठवलं, तर दोनशे तबकड्या काढून देणारा एक लहानसा कारखाना वलीनं मुंबईत हुडकून काढला. त्याची अट एकच, तबकडीच्या एकेका अंगावर, म्हणजे बाजूवर, सात मिनिटं, एकूण चौदा. चार गाणी, प्रत्येकी साडेतीन मिनिटं. हिशेब तंतोतंत जुळला. जो हिशेब तंतोतंत जुळतो त्यात कुणाचं तरी नाव घ्यायचं राहिलेलं असतं, हे देवमनला तेव्हा ठाऊक नव्हतं.

अडचण एकच होती. ध्वनिमुद्रणाचं यंत्र, म्हणजे टेपरेकॉर्डर, पंचक्रोशीत एकांकडेच होतं आणि ते म्हणजे महादेवराव. जिनिंग-प्रेसिंगचे मालक, नव्यानं स्थापन झालेल्या जिल्हा परिषदेचे सदस्य आणि वक्ते. टेपरेकॉर्डर त्यांनी स्वतःची भाषणं स्वतःला ऐकवण्यासाठी आणला होता, कारण इतका चांगला श्रोता त्यांना दुसरीकडे मिळत नव्हता. ते मनानं उदार. यंत्र तर दिलंच, वर रुईच्या गाठींचं गोदामही दिलं. चारी बाजूंनी गाठी रचल्या की बाहेरचा आवाज आत येत नाही आणि आतली तक्रार बाहेर जात नाही. एवढ्या उपकाराची व्यवस्था पाहायला समिती नेमणं ओघानंच आलं.

तबकडी प्रकाशन समितीत एकवीस सदस्य होते. वादकांना ते कामात असतील म्हणून घेतलं नाही, बैठकीला मात्र बोलावलं. कार्यवाह खुशालराव गुरुजी. निवृत्त हेडमास्तर, आणि शहरातल्या सतरा समित्यांचे कार्यवाह. त्यातल्या दोन समित्या एकमेकींच्या विरोधात होत्या. गुरुजी दोन्हींचा पत्रव्यवहार स्वतःशीच करत आणि उत्तराला उशीर झाला की स्वतःला स्मरणपत्र धाडत.

पहिल्याच बैठकीत गुरुजींनी मूलभूत प्रश्न उपस्थित केला.

"देवमन, बाबू, मले सांग, नुसतं गाणं कधी सुरू होते काय? कोणी उठून दोन शब्द बोलल्याशिवाय लोकायले कसं समजन का गाणं सुरू झालं म्हणून?"

"गुरुजी, गाणं सुरू झालं का समजतेच ना."

"तसं समजनं येगळं, अन् रीतसर समजनं येगळं," गुरुजी म्हणाले. एकवीस माना हलल्या आणि प्रास्ताविक मंजूर झालं.

पुढचं सगळं तर्कशुद्ध होतं. प्रास्ताविक आलं की अध्यक्ष आले. अध्यक्ष आले की त्यांचा परिचय आला. (महादेवरावांना न ओळखणारा माणूस जिल्ह्यात नव्हता, पण परिचय हा न ओळखणाऱ्यांसाठी नसतो, अध्यक्षांसाठी असतो.) महिला मंडळाच्या दुर्गाबाईंनी रास्त हरकत घेतली की गाण्याच्या तबकडीत निदान एक तरी गाणं पाहिजे. ती तत्काळ मान्य होऊन महिला मंडळाचं स्वागतगीत घेण्यात आलं. त्यासाठी देवमनचं पहिलं आणि दुसरं गाणं कमी करावं लागलं.

मग अमरावतीचा प्रश्न निघाला. अमरावतीला वगळून अकोल्यानं काही करणं म्हणजे मोठ्या जावेला न सांगता घरात पुरणपोळी करण्यासारखं. ती खाणार नाही, पण बोलणार जन्मभर. अमरावतीच्या पाहुण्यांनी शुभेच्छा देण्याचं कबूल केलं, मात्र महादेवरावांच्या मागून बोलणार नाही म्हणाले. गुरुजींनी यावर जो तोडगा काढला त्याला तोड नाही. पाहुण्यांना त्यांनी तबकडीच्या दुसऱ्या अंगाच्या आरंभी बसवलं. तबकडी सुलटी ठेवली की अकोला पहिलं, उलटी ठेवली की अमरावती पहिली. दोन शहरांचं भांडण इतक्या थोड्या जागेत पूर्वी कधी मिटलं नव्हतं.

वरूडच्या एका संत्रा व्यापाऱ्यानं चार पेट्या संत्री पाठवली. समितीनं ती खाल्ली आणि नंतर सोबतची चिठ्ठी वाचली. चिठ्ठीत पाऊण मिनिट मागितलं होतं. खाल्लेलं संत्रं परत करता येत नाही, म्हणून ठराव करावा लागला. तेल्हाऱ्यावर अन्याय झाल्याचा निषेध करायला तेल्हाऱ्याचे एक गृहस्थ आले. त्यांना निषेधासाठी अर्धं मिनिट तबकडीतच देण्यात आलं, आणि अन्याय दूर झाला. तिसरं गाणं त्यात गेलं.

अंतिम कार्यक्रम असा ठरला. पहिलं अंग: प्रास्ताविक दीड मिनिट, स्वागतगीत एक मिनिट, अध्यक्षांचा परिचय पाऊण मिनिट, अध्यक्षीय भाषण पावणेचार मिनिटं. दुसरं अंग: अमरावतीच्या शुभेच्छा सव्वा मिनिट, वरूड पाऊण मिनिट, तेल्हाऱ्याचा निषेध अर्धं मिनिट, आभारप्रदर्शन एक मिनिट, गाणं साडेतीन मिनिटं.

"गाणं आभाराच्या मागून काहून, गुरुजी?" मोतीरामनं विचारलं.

"लेका, गाणं आंधी लावलं तं भाषनाले कोण बसन?"

हा नियम तेव्हा पाळला गेला. आजही पाळतात.

तीन गाणी गेली म्हणून वली चिडला होता. "देवमन भाई, अपन गिटार लेके हिवरखेड चलते. माँ के सामने बजा देंगे, खेल खतम." पण देवमनला समाधान होतं. चौथं गाणं शाबूत होतं, साडेतीनच्या साडेतीन मिनिटं. आईचं तेवढं राहिलं, बाकी गेलं तर गेलं, असं त्यानं मनाला समजावलं. शिवाय जे ठरावात आलं ते घडतंच, अशी सरकारी नोकरीनं त्याची श्रद्धा बसलेली होती.

ध्वनिमुद्रणाच्या दिवशी गोदामात मायक्रोफोन एकच होता. भाषणं वेळेत झाली. महादेवराव एका दमात बोलले, आणि टाळ्यांसाठी जिनमधले चाळीस मजूर सुटी न देता उभे केले होते. दर अंगाला मोजून सात मिनिटांचं एक रीळ होतं; दुसऱ्या रिळावर तेल्हाऱ्याचा निषेध संपला. खुशालराव गुरुजी आभाराला उभे राहिले. त्यांच्या उजव्या हाताला टेपरेकॉर्डर, डाव्या हाताला देवमन. लगेच गायचं होतं म्हणून तो मायक्रोफोनला खेटूनच उभा होता. त्याच्या मागं वली, गिटार छातीशी धरून. यादीत एकसष्ट नावं होती. सुवाच्य अक्षर म्हणून ती यादी देवमननंच लिहून दिली होती.

आभार सुरू झाले की मागून चिठ्ठ्या येतात. ही आपली जुनी चाल आहे. कुणाचं राहिलेलं असतं, कुणाला मेहुण्याचं घालायचं असतं, कुणाला फक्त आपलं पुन्हा ऐकायचं असतं. गोदामातही चिठ्ठ्या निघाल्या. हातोहात पुढं सरकत त्या देवमनपाशी आल्या, कारण गुरुजींच्या आधी शेवटचा माणूस तोच होता.

आणि देवमननं त्या पुढं दिल्या.

एकही चिठ्ठी त्यानं खिशात घातली नाही. एकही पायाखाली पडू दिली नाही. हाती आलेला कागद आला त्याच क्रमानं पुढं पाठवायचा, ही चार वर्षांची सवय. हात आपोआप चालत होता, आणि डोळे मात्र रिळाकडे होते. रीळ बारीक होत चाललेलं त्याला दिसत होतं. गाणं अडीच मिनिटांचं उरलं, दोनाचं उरलं, आणि त्याचाच डावा हात घेत होता, उजवा देत होता. एकदा थांबा म्हणायला त्यानं तोंड उघडलंही, पण मायक्रोफोन सुरू असताना बोलायचं नाही असाही एक ठराव होता. शेवटी वलीनं मागून घाईघाईनं एक चिठ्ठी खरडून त्याच्या हातात कोंबली. देवमननं ती न वाचता पुढं दिली. गुरुजींनी त्याच लयीत वाचली: "...तसेच वेळ संपत आली आहे यांचेही आम्ही मनःपूर्वक आभारी आहोत."

एकंदर आभार चार मिनिटं एकोणीस सेकंद चालले. एकशे त्रेचाळीस नावं. दर नावाला सरासरी एक पूर्णांक आठ दशांश सेकंद. (त्यातल्या एका गृहस्थांचा पुढं बराच शोध घेऊनही पत्ता लागला नाही.) मग गुरुजी बाजूला झाले. वलीनं तारा छेडल्या, मोतीरामनं डब्यावर थाप टाकली, देवमननं श्वास घेतला, आणि रीळ संपून टेपचं शेपूट फटफट वाजू लागलं. गाण्याच्या वाट्याला अकरा सेकंद आले होते, आणि त्यात गाणारा नव्हता.

"भाऊसाहेब, आभार तेवढे पुन्हा घेऊ. एक मिनिटात बसवू," देवमन महादेवरावांना म्हणाला.

"नाई, नाई," महादेवराव म्हणाले. "एकशे त्रेचाळीस लोकायचे आभार मानून झाले, आता वापस घ्याचे काय? कोनाचे घेतं, सांग."

त्यांचं बरोबर होतं. देवमनला एकही नाव सांगता आलं नाही. मात्र सगळे पांगल्यावर यादी पुन्हा वाचताना त्याच्या लक्षात आलं की एकशे त्रेचाळीसांत देवमन, वली, मोतीराम ही नावं नाहीत. त्यानं गुरुजींना विचारलं. गुरुजींनी मायेनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"अरे, घरच्या मानसायचे आभार मानून त्यायले परकं करत असते काय?"

तबकडी निघाली. वरच्या गोल कागदावर अध्यक्ष, कार्यवाह, प्रमुख पाहुणे यांची नावं होती, आणि खाली बारीक अक्षरात: "गायन-वादन: मोर्णा गिटार पार्टी (वेळ उरल्यास)."

हातोहात खपली. दोनशे प्रतींपैकी एकशे बेचाळीस ज्यांची नावं होती त्यांनी नेल्या, आणि उरलेल्या अठ्ठावन्न ज्यांची नव्हती त्यांनी, तक्रारीला पुरावा पाहिजे म्हणून. अकोल्यात, अमरावतीत तिला इतकी मागणी आली की वक्त्यांना बोलावणंच लोकांनी सोडलं. शाळेचं स्नेहसंमेलन असो की पिठाच्या गिरणीचं उद्घाटन, तबकडी लावली की झालं. ती चहा मागत नसे आणि जायला मोटारही मागत नसे. एका साप्ताहिकानं परीक्षणात म्हटलं, "तबकडी सर्वांगसुंदर आहे. अखेरीस काही सेकंद यंत्रात बिघाड झाल्यासारखा आवाज येतो, तेवढा टाळता आला असता." समितीनं याची गंभीर दखल घेतली. दुसऱ्या आवृत्तीत तो आवाज काढून तिथं राहिलेली सहा नावं बसवण्याचा ठराव एकमतानं पास झाला.

देवमन महिनाभर हिवरखेडला गेला नाही. पण हिवरखेडचे सरपंच पुंजाजी एकशे त्रेचाळीसांत होते. त्यांनी बाजाराच्या दिवशी, भर दुपारी, मंडपवाल्याचा ग्रामोफोन आणि कर्णा आणून पंचायतीसमोर कार्यक्रम ठेवला आणि देवमनला निरोप धाडला की तुझी आई सकाळपासून पुढं येऊन बसली आहे. मग जावंच लागलं. वली आणि मोतीराम सोबत आले. मार खायची वेळ आली तर वाटून घेता येतो, असं मोतीरामचं म्हणणं.

सुंदराबाई धुतलेलं लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसली होती. वस्तीतल्या बायका तिनं आपल्या मागं ओळीनं बसवल्या होत्या. तबकडी सुरू झाली. प्रास्ताविकाला लोक गप्प झाले. स्वागतगीत लागलं तसं सुंदराबाईनं वळून विचारलं, "ह्या बाया कोन व्हय? तू कोठी हायेस?" देवमननं हातानंच थांब म्हटलं. अध्यक्षांचा परिचय झाला तेव्हा पुंजाजींनी उठून ग्रामोफोनला हार घातला. हाराचं एक टोक फिरत्या तबकडीत अडकलं आणि महादेवराव संथ, घोगऱ्या आवाजात, एकेक अक्षर ओढत बोलू लागले. भाषण पूर्वीपेक्षा फार समजतं, असा सर्वांचा अभिप्राय पडला. टाळ्या कर्ण्यातूनही आल्या आणि बाहेरूनही.

तबकडी उलटली. अमरावती झाली, संत्री झाली, निषेध झाला. आभार सुरू झाले. सुंदराबाई प्रत्येक नावाला मान वर करायची आणि खाली घालायची. एकशे त्रेचाळीस वेळा. मग गिटार छेडली गेली, डबा वाजला, आणि सुई खरखरत मधोमध जाऊन थांबली. लोक उठू लागले. जोड्यांची शोधाशोध सुरू झाली.

"अन् तुहं गाणं?" सुंदराबाईनं विचारलं.

"शेवटी होतं, माय."

"मंग शेवटून लाव."

देवमननं पुंजाजींकडे पाहिलं. पुंजाजी जोडे शोधत होते. त्यानं सुई उचलून कडेची सगळी भाषणं ओलांडली आणि आतल्या बाजूला अलगद ठेवली. अकरा सेकंद वाजले. "पुन्हा," ती म्हणाली. त्यानं पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा तिनं डोळे मिटले. चौथ्यांदा तिचा हात हलायला लागला, बोंड शोधावं तसा.

"हे तं माहं व्हय!" ती म्हणाली. "पराट्यायचा कापूस येचतानीचं!"

"हो, माय. पुढचं राह्यलं पण. मीच चिठ्ठ्या देत गेलो."

"राह्यलं तं राह्यलं. पुढचं मले येते ना."

आणि ती गायला लागली. तबकडी थांबली होती, पण तिला पुढचं येत होतं. वलीनं पिशवीतून गिटार काढली, मोतीरामनं पंचायतीची रिकामी बादली ओढली, आणि देवमन तिच्या शेजारी मातीत बसून आपले शब्द तिच्या चालीवर घालू लागला. मागच्या बायकांनी साथ धरली. साडेतीन मिनिटांत ते काही आटपलं नाही. संपल्यावर सुंदराबाई देवमनकडे वळली. "तुह्या मशिनीपेक्षा तूच बरा," ती म्हणाली. देवमनला तोंड फिरवून रडावं लागलं.

समितीच्या अहवालात या प्रसंगाची नोंद "हिवरखेड येथे कार्यक्रम उत्साहात पार पडला, अखेरीस एका बाईमुळे किरकोळ व्यत्यय" अशी आहे.

गाण्याचे शब्द इथं शेवटी द्यायचे होते. पण महादेवराव, खुशालराव गुरुजी, दुर्गाबाई, अमरावतीचे पाहुणे, वरूड, तेल्हारा यांना आधी घ्यावं लागलं, आणि जागा संपली. त्याबद्दल वाईट वाटून घेण्याचं कारण नाही. दोनशे तबकड्या खपल्या, जिल्हाभर वाजल्या, आणि "गाणं कुठं आहे?" हे विचारणारी त्यात एकच बाई निघाली. वाचक तर इथवर सगळं वाचत आले. अध्यक्ष कोण, आभार किती मिनिटं, हे आता त्यांना तोंडपाठ आहे. गाण्याचे शब्द काय होते, हे त्यांनीही एकदाही विचारलं नाही. त्याबद्दल समिती त्यांची अत्यंत आभारी आहे.